जुनं आधी संपवा

शी! दार लावा आधी. नाही, थांबा. लावू नका. माझं ऐकून घ्या, मग खुशाल लावा.

मी फ्रिज बोलतोय. एका दाराचा, डोक्यावर बर्फाचा कप्पा असलेला, एकेकाळी पांढरा होतो तो. आत्ता जो रंग आहे त्याला काय म्हणायचं ते मलाही माहीत नाही. तुम्ही माझ्या जवळून जाताना नाक मुरडलंत, ते मी पाहिलं. सगळेच मुरडतात. म्हणतात, "फ्रिजला वास येतोय." फ्रिजला! अहो, मला ना घाम, ना तोंड. मी स्वतः काही खात नाही. मग वास माझा कसा? पण सांगणार कुणाला, आणि ऐकणार कोण?

मी जन्मलो तेव्हा माझ्या पोटात नव्या रबराचा वास होता, बाकी काही नाही. कारखान्यातल्या तपासनिसाने माझ्यात पाण्याची एक बाटली ठेवली, थोड्या वेळाने काढून गालाला लावली आणि म्हणाला, "वा!" माझ्या पोटातून निघालेल्या वस्तूला कुणी वा म्हणण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. तिथून दुकानात गेलो, दुकानातून या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. सिंक आणि खिडकी यांच्यामध्ये मला उभं केलं आणि माझ्या आयुष्याची नासाडी सुरू झाली.

घरात माणसं तीन. अण्णा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना लांबचं दिसतं का, जवळचं दिसतं का विचारतो आणि घरी आल्यावर त्याला स्वतःला दोन्ही दिसत नाही. सूनबाई शहराची बस चालवते. चांगली लांबलचक बस, वळणावर तिला सांभाळायला दंडात जोर लागतो. आणि अण्णा? अण्णा अवजारांच्या कारखान्यात भांडारप्रमुख होते. खिळे, स्क्रू, वायसर, रंगाचे डबे, सगळं त्यांच्या ताब्यात. माणूस सज्जन, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण निवृत्त झाल्यावर त्यांना भांडार उरलं नाही, आणि समोर उभा होतो मी.

भांडाराचा नियम असा की जुना माल पुढे, नवा मागे. जुना संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. नियम उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही. खिळ्यांना तो लावा ना! पालेभाजीला कसला लावता?

"जुनं आधी संपवा!" दिवसातून कितीदा तरी हे ऐकायचो. आज भाजी केली, थोडी उरली, ती पुढे. उद्या बाजारातून ताजी भाजी आली, ती मागे. कालची संपेपर्यंत भात उरलेला असायचा, तो पुढे. भात संपेपर्यंत डाळ. ताजी भाजी बिचारी मागे रांगेत उभी. तिचा नंबर लागेपर्यंत ती मान टाकायची, कडेने पिवळी पडायची, मग कढईत जायची, त्यातली उरायची आणि पुन्हा पुढे येऊन बसायची. या घरात ताजी वस्तू रोज यायची, पण ताजी म्हणून ती कुणाच्या ताटात पडली नाही. सगळी म्हातारी होऊन पडली.

आणि हे सगळं माझ्या पोटात. डाळीवर धरलेली साय, ती बोटाने ढकलली की खालून आंबूस फेस. भाताचे दगड. झाकण न लावलेला अर्धा कांदा. एक टोमॅटो खालच्या खणात बसल्या जागी पाझरून गेला होता, त्याची नुसती साल उरली होती. मला उलटी करता येत असती तर रोज केली असती. येत नव्हती, म्हणून गारठून गप्प बसायचो.

सूनबाई पहाटे निघायची. डब्यात पुढची वाटी रिकामी करायची, म्हणजे बहुतेक परवाचा भात. वर घोटभर चहा, की निघाली. संध्याकाळी जिन्यातच तिची धाप ऐकू यायची. पहिल्या मजल्यावर एकदा थांबायची, दुसऱ्यावर पुन्हा. चेहरा पिठासारखा. माझं दार उघडायची तेव्हा तिची नखं माझ्या दिव्यात पांढरी दिसायची.

आणि एक विचित्र सवय लागली होती तिला. बर्फाचा ट्रे आपटायची, खडे तोंडात टाकायची आणि कडाकडा चावायची. एक झाला की दुसरा. माझ्यातली तेवढी एकच वस्तू ती रांग मोडून खायची.

"दात पडतील गं," अण्णा म्हणायचे.

"काय करू अण्णा, राहवतच नाही."

मग एक दिवस ती वेळेआधी घरी आली. डेपोत सगळ्या चालकांची तपासणी होती. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? बर्फ खावासा वाटतो का! मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाल्या, रक्तातलं लोह कमी झालं की काही जणांना असं होतं."

"मग?" मुलाने विचारलं.

"मग काय. रक्त फार कमी आहे. सहा आठवडे चाकाला हात लावायचा नाही. तोवर वाढलं नाही तर कायमची तिकीटखिडकीत." तिने मूठ टेबलावर आपटली. "खिडकीत बसू मी? एवढी खटपट करून ती बस हातात घेतली, ती खिडकीत बसायला?"

अण्णांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मीसुद्धा घरघर जरा कमी केली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि वर बजावलं होतं की नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका. रोज डाळ, ताजी पालेभाजी, अंडं, फळ. भाजीवर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगाला लागतं. जेवणावर लगेच चहा ढोसायचा नाही. "म्हणाल्या, बसची टाकी एकदा भरली की दिवसभर ढकलता येतं, शरीराचं तसं नाही. रक्त काय, स्नायू काय, रोजच्या ताटातून रोज थोडं थोडं बनतं."

अण्णा तेव्हाच उठले. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि बाजारात गेले. आले ते घामाघूम होऊन. पालक असा आणला होता की पानापानावर पाणी. बीट, लिंबं, संत्री, अंडी. एकेक निवडून आणलेलं. "सूनबाईसाठी आहे हं," मुलाला दम दिला, "तू हात लावायचा नाहीस."

मला वाटलं, सुटलो बुवा!

अण्णांनी माझं दार उघडलं आणि ते सगळं ठेवलं. मागे. पार मागे, भिंतीला चिकटवून.

"आधी पुढचं संपू दे," म्हणाले.

गोळ्यांचंही तेच. दाराच्या खणात कुठल्या जमान्यातली टॉनिकची बाटली होती, झाकणाभोवती काळा चिकटा, त्यात एक मुंगी कायमची झोपलेली. "हेही लोहाचंच आहे ना? मग हे संपव आधी, नव्या गोळ्या कुठे पळून जातायत!" सूनबाईने चमचाभर घेतलं आणि सिंककडे धावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. तिच्या जागी मी असतो तर बाटली खिडकीतून भिरकावली असती. पण घरातली सवयच ती. नवराही म्हणाला, "घे ना, फुकट कशाला घालवायचं?" आणि अशक्त माणसाच्या अंगात वाद घालायचं त्राण कुठे असतं?

"खातेस ना नीट?" अण्णा रोज विचारायचे. अगदी मायेने.

"खातेय, अण्णा." आणि खायची तरी काय? पुढचा भात, पुढची डाळ, दोनदा उकळलेलं सूप. मागे तिचा पालक काळा पडत होता. पिशवीत पाणी सुटलं, पानं बुळबुळीत झाली, संत्र्यांना हिरवी लव आली. आणि अण्णा त्याच्यापुढे उरलेल्या वाट्या नीट ओळीने लावत होते. किळस येते हो मला, सांगतानाही येते. कुजण्याची येते ती येतेच, पण त्याहून जास्त त्या नीटनेटक्या ओळीची येते.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. वाढलं नव्हतं, उलट थोडं उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी शेवटची एक महिन्याची मुदत दिली. सूनबाई दुपारी घरी आली, पर्स तशीच जमिनीवर टाकली आणि माझं दार उघडलं. तिचा हात मागे अंड्यांकडे गेला.

"अगं, ती नंतरची," अण्णा टेबलावरून म्हणाले. "पुढे भात आहे बघ कालचा."

हात मागे आला. तिने भाताची वाटी उचलली, आणि तिचे पाय गेले. माझ्या उघड्या दारात ती बसकण मारून खाली बसली, डोकं माझ्या भाजीच्या खणाला टेकलं. वाटी घरंगळत सिंकखाली गेली.

"अगं! अगं सूनबाई! पाणी, कुणीतरी पाणी आणा रे!" घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी अण्णा ओरडत होते. स्वतःच धावले, पेला भरताना निम्मं पाणी अंगावर सांडलं.

तिचा गरम श्वास माझ्या आत येत होता. आणि माझ्यातून तिला काय जात होतं? तो वास. मला स्वतःचीच शिसारी आली. माझी मोटर दोनदा गचकली आणि बंद पडली. पुढे मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर जुना होता, गेला. म्हणू दे त्याला. मी एवढंच सांगतो की मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मला रिकामं करावं लागलं. सूनबाई खुर्चीत बसून होती. मुलगा नाकाला रुमाल लावून लांब उभा. अण्णा एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत होते, सवयीने, जुनी आधी. भात, डाळ, सूप. मग हात मागे गेला. पालकाची पिशवी हाताला लागली तशी फाटली आणि काळं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग संत्री आली, बोटं आत रुतली. मग न फोडलेलं गोळ्यांचं पाकीट.

"ईऽऽ!" मुलगा ओरडला. "फ्रिजला काय घाण वास येतोय!"

अण्णा हातातल्या त्या चिखलाकडे बघत होते. "फ्रिजला नाही रे," म्हणाले. "हा माझा वास आहे."

मोटर बंद होती, पण त्या वाक्याने मी आतून हललो. इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

"भांडारात एक खिळा गंजू दिला नाही मी," अण्णा म्हणाले. "आणि हे... हे सगळं मी तुझ्यासाठी आणलं होतं गं. माझ्या हाताने निवडून. आणि मीच तुला उपाशी ठेवली."

सूनबाई खुर्चीतून पुढे वाकली. मग म्हणाली, "अण्णा, अंडी चांगली आहेत का बघा ना. की तीही नंतरची?"

अण्णा हसले की रडले ते मला कळलं नाही. त्यांनी अंडी पाण्यात सोडून बघितली. सगळी तळाला बसली, म्हणजे चांगली होती. दोन तिथल्या तिथे उकडली, स्वतः सोलली, आणि ती खाईपर्यंत समोरून हलले नाहीत. टॉनिकची बाटली त्या मुंगीसकट बाहेर गेली. गोळ्यांचं पाकीट त्याच दिवशी फुटलं.

मेकॅनिकला अण्णांनी परत पाठवलं. "राहू दे सध्या." रोज सकाळी ते पिशवी घेऊन जायचे आणि एका दिवसापुरतं आणायचे. शिजलं की ताटात, वर लिंबू, आणि चहाला हात लावला की अण्णांचे डोळे मोठे व्हायचे. शरीर एका रात्रीत काही टुणकन उठलं नाही. आधी जिन्यातला एक थांबा कमी झाला. मग तिचं जेवताना बोलणं परत आलं, नवऱ्याशी भांडणंही परत आली. नखांवर रंग यायला लागला. आणि एकदा सहज अण्णांनी विचारलं, "शेजारून बर्फ आणू का गं?" तर म्हणाली, "कशाला? मी विसरूनच गेले."

महिन्याने रक्त वाढलेलं निघालं. पुरतं नाही, पण चाक हातात देण्याइतकं. आता तिची बस या रस्त्याने जाते तेव्हा वळणावर हॉर्न वाजतो. विनाकारण वाजतो, नियमात बसत नाही, पण अण्णा तेवढ्यासाठी गॅलरीत येऊन उभे राहतात.

मीही आता तिथेच, गॅलरीच्या कोपऱ्यात असतो. वायर काढून ठेवली आहे. माझ्यात आता अण्णांचे खिळे, स्क्रू आणि वायसर आहेत. जुने पुढे, नवे मागे. खुशाल लावा म्हणावं, माझं काही म्हणणं नाही. गंजाचा वास येतो थोडा, पण आधीच्या मानाने अत्तरच म्हणायचं.

स्वयंपाकघरात माझ्या जागी एक ठेंगणा नवा फ्रिज आलाय. परवा अण्णांचा आवाज ऐकला, "भात उरलाय, तो पुढे ठे..." आणि सूनबाईचा, "अण्णा!" मग दोघांचं हसणं. त्या ठेंगण्या पोराचं बरं आहे.

तुमच्याकडेही माझा कुणी भाऊबंद उभा असेलच. जा, दार उघडा आणि हात पार मागे घाला. जे लागेल ते बाहेर काढा, कितीही किळस येऊ दे, आणि आठवा की हे कुणाला खायला घालायला आणलं होतं. ते माणूस अजून घरात असेल, तर आज त्याला ताजं काहीतरी वाढा. नाक मुरडायचं असेल तर नंतर मुरडा. पण कृपा करा, वास फ्रिजचा आहे असं म्हणू नका.