अपाची कोरफड

बिश्केकला तेव्हा फ्रुंझे म्हणत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मानाची जागा एकच होती, स्वयंपाकघराची खिडकी, आणि ती कोरफडीने बळकावली होती. माझ्या वडिलांनी ती सुखुमीच्या समुद्राकाठून आणलेली. ते गेल्यावर अपाने, म्हणजे माझ्या आईने, त्यांचा कोट दिला, टोपी दिली, बूटही देऊन टाकले. कोरफडीला मात्र कुणी हात लावायचा नाही. जिन्यातल्या कुणाचं नाक चोंदलं तर अपा स्वतः पान कापून द्यायची, तेही तोंड वाकडं करून.

माझी बायको नुरजामाल नारीनच्या डोंगरातून लग्न होऊन आली. अपाने तिच्यात खोट काढली नाही, पण मायाही दाखवली नाही. "ए सूनबाई"च्या पुढे गाडी जात नव्हती. त्या शरदात अपा गुडघ्यांच्या इलाजासाठी इसिक-कुल सरोवराकाठी निघाली. दारात बूट घालताना म्हणाली, "घर नाही सांभाळलंस तरी चालेल. ती खिडकीतली सांभाळ."

नुरजामालने हे इतकं मनावर घेतलं की रोपाच्या जिवावर बेतलं.

आमच्याकडे चहा अर्धीच वाटी ओततात. सुनेने पुन्हा पुन्हा ओतत राहायचं. काठोकाठ भरली तर अर्थ एकच, उठा आता. माझ्या बायकोने हाच रिवाज कोरफडीला लावला. येता-जाता अर्धी वाटी पाणी! खालच्या बशीत तळं साचलेलं. पानं मऊ पडली, पाणचट दिसू लागली, तेव्हा तिला वाटलं, बिचारी तहानली. मग आणखी पाणी. मी नवा नवरा, मला खिडकीपेक्षा खिडकीत उभी असलेलीच दिसायची.

एका सकाळी कोरफड कलंडली. मातीला कुबट वास येत होता. मी कामावर निघायच्या बेतात होतो, तर नुरजामाल बॅग भरत बसलेली.

"अपा यायच्या आत मी गावी जाते."

"एका झाडासाठी?"

"झाड कसलं? तुमच्या वडिलांची आठवण आहे ती. मी मारली."

समजूत घालणं मला कधीच जमलं नाही. धावत खाली गेलो आणि खालच्या मजल्यावरच्या फ्रीडाला घेऊन आलो. फ्रीडा जर्मन, युद्धात सरकारने घरदार सोडायला लावून इकडे आणून टाकलेल्यांपैकी. तिच्या तोंडाला सगळा जिना वचकून असे. तिने बॅग पाहिली, रडणारी सून पाहिली, मग मातीत बोट खुपसलं.

"ही माती आहे की सूप? या घराला पाण्याचा भारीच सोस! किती घालतेस गं?"

"थोडंच. अर्धी अर्धी वाटी."

"अर्धी का?"

"भरून घातलं तर... जा म्हटल्यासारखं होतं ना."

फ्रीडा हसता हसता स्टुलावर बसली. "अगं, हिला पाहुणी नको करूस! एकदा पोटभर पाज, खालून वाहेपर्यंत. बशीतलं ओतून टाक. मग तळापर्यंत माती सुकेस्तोवर हिच्याकडे फिरकू नकोस. काडी खुपसून बघ, कोरडी निघाली तरच पाणी. थंडीत महिन्यातून एकदा, बास. आता सुरी उकळून आण."

कुंडीतून रोप उपसलं तर मुळं उकडलेल्या शेवयांसारखी हातात आली.

"काप."

"मी?"

"मग कोण, मी? सून कोण आहे इथली?"

नुरजामालने कापलं. आत तपकिरी डाग. "अजून वर," फ्रीडा म्हणाली. पुन्हा डाग, पुन्हा "अजून वर." स्वच्छ हिरवा गाभा लागला तेव्हा नुसता शेंडा उरला होता. फ्रीडाने पोटदुखीच्या कोळशाच्या गोळ्या कुटून जखमेला लावल्या. "सावलीत ठेव. काप वाळला की वाळू आणि विटेच्या चुऱ्यात लाव. आणि लगेच पाणी घातलंस तर हात बांधून ठेवीन."

शेंडा अजून वर्तमानपत्रावर पडून होता आणि अपा आली, ठरल्यापेक्षा आधीच. अंगातला कोटही न काढता सरळ खिडकीपाशी गेली. मी सामान ठेवायच्या निमित्ताने दाराजवळच्या बोळात सटकलो. भित्रा म्हणा हवं तर. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"कापली कुणी?"

"मी, अपा. पाणी जास्त झालं माझ्या हातून. मुळं कुजली."

खुर्ची कुरकुरली.

"कुठपर्यंत कापलीस?"

"स्वच्छ लागेपर्यंत."

"माझ्याने नाही झालं ते." अपाचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "त्यांनी आणलेली मीच मारली. ते गेले त्या हिवाळ्यात. मी रोज पाणी घालायची, तेवढंच हाताला काम. कुजली ते दिसत होतं, पण सुरी लावायला धीर झाला नाही. ही फ्रीडाच्या खिडकीतली फांदी. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, बापाची म्हणून जीव आहे त्याचा. नाही ना सांगणार, माझ्या पोरी?"

"नाही, अपा."

माझ्या पोरी! बोळात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. बापाच्या कोरफडीचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

फ्रीडा पुढे जर्मनीला गेली, तिच्या मागोमाग अर्धा जिना रिकामा झाला. अपाही गेली. तो शेंडा जगला, फोफावला. परवा नातीने विचारलं, "ही कोणाची?" नुरजामाल ठामपणे म्हणाली, "तुझ्या पणजोबांची. सुखुमीहून आणलेली." आमच्यात काय कमी भांडणं झाली? पण इतक्या वर्षांत एकदाही अपाचं ते गुपित तिच्या तोंडून निसटलं नाही. आणि मला ठाऊक आहे, हे मीही तिला कधी कळू दिलेलं नाही.