नारळाचं लाल पाणी

पाणी लाल झालं आणि दांडी गावच्या मंडपातल्या तीन-चारशे माणसांनी एकदम हात जोडले.

पांढऱ्या घमेल्यावर जमुना वाकली होती. डोक्यावर विरळ, बोटभर केस. जटानाथ महाराजांनी आधी तिच्या टाळूला मंतरलेली हळद चोळली, मग 'दिव्य वनस्पती शॅम्पू' ओतून फेस केला. घमेल्यात उतरलेलं पाणी रक्तासारखं दिसत होतं.

"पाहा भक्तहो, रोग बाहेर पडतोय! हिमालयातल्या एकशे आठ वनस्पती, रसायनाचा थेंब नाही! ज्या दिवशी पाणी पिवळं उतरेल, त्या दिवशी कॅन्सर गेला समजा. तोवर दुसरं औषध म्हणजे विष!"

एकशे आठपैकी एका तरी वनस्पतीचं नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी डोक्याला ओढणी बांधून मागे उभी होते. माझेही केस कॅन्सरच्या औषधाने गेले होते. मुंबईच्या दवाखान्यात एकाच बाकावर जमुनाची नि माझी ओळख झाली. माझे उपचार मे महिन्यात संपले, तिची तीन इंजेक्शनं बाकी होती. मेपासून मला कशाचंच फार काही वाटत नसे. भूक लागली की जेवायचं, शिफ्टची बस आली की चढायचं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका शॅम्पूच्या कारखान्यात मी चाचणीचं काम करते. रिठा, शिकेकाई, माका, जास्वंद यांच्या अर्कांचा नवा शॅम्पू आधी माझ्या टेबलावर येतो. फेस किती टिकतो, पीएच म्हणजे आम्ल-अल्काचं माप किती, केसांची जुडी धुऊन विंचरली की किती केस तुटतात, सगळं वहीत लिहायचं. टक्कल झाकून मी दुसऱ्यांचे केस विंचरत होते.

मंडपाबाहेर जमुना म्हणाली, "दोन येळा इंजेक्शनला गेलीच नाय मी. महाराज नको बोलले."

"डोकं कसं आहे?"

"जलतंय. पन रोग निघताना जलनारच ना?" तिने पदर सरकवला. टाळू सोलवटली होती. "ही घे बाटली. तू पन लाव, प्रिया."

मला राग यायला हवा होता. आला नाही. बाटली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी तिच्यातला थेंब पीएचच्या पट्टीवर टाकला. पट्टी गर्द निळी झाली. आमचा शॅम्पू साडेपाचच्या आसपास असतो, हा दहाच्या वर होता. धुतलेली जुडी काथ्यासारखी राठ झाली.

"ये शॅम्पू है या कपडे धोने का सोडा?" शेजारच्या टेबलावरून हितेशने विचारलं.

"सोडाच आहे," मी म्हटलं. मग त्यात चिमूटभर हळद टाकली. पाणी लाल झालं.

पुढच्या रविवारी मंडपात मी सरळ पुढे गेले नि ओढणी काढली. महाराजांचे डोळे चमकले. "ये बेटी, बस."

"माझ्याआधी याचं धुवा," म्हणत मी पूजेतला नारळ उचलला.

"देवाच्या फळाची थट्टा?"

मग मीच धुतला. शेंडीला त्यांचीच हळद चोळली, त्यांचाच शॅम्पू ओतला. घमेलं लाल झालं.

"महाराज, नारळाला कुठला कॅन्सर झालाय?"

कुणीतरी हसलं. मी पर्समधून आणलेली लिंबं घमेल्यात पिळली. लाल पाणी हळूहळू पिवळं झालं. "बघा, नारळ बराही झाला."

पुढे बसलेली सोमी म्हातारी ओरडली, "अगो, लुगड्यावरच्या हलदीला साबू लागला का असंच लाल होतं!"

"तेच आहे, आजी. यात धुण्याचा सोडा आहे. सोड्याने हळद लाल होते, लिंबाने परत पिवळी. माणसाच्या डोक्यातून काहीच बाहेर पडत नाही. सोडा टाळू मात्र भाजतो."

"श्रद्धेची परीक्षा घेतेस?" महाराज गरजले.

"नाही, शॅम्पूची घेते. तेच माझं काम आहे."

बरेच जण उठून गेले. काही जणांनी तरीही बाटल्या घेतल्या. मी उरलेली बाटली आणि चाचणीचा कागद पोलिसांकडे दिला.

जमुना घमेल्याकडे बघत राहिली होती. "म्हंजे रोग हाय तितकाच?"

"तितकाच. कदाचित वाढलाही असेल."

"डॉक्टर वरडतील?"

"ओरडतील. तरी जायचं."

सोमवारी आम्ही गेलो. गाठ वाढली होती. डॉक्टर ओरडले नाहीत, त्यांनी नवे कागद केले नि इंजेक्शनं पुन्हा सुरू केली. सुई टोचली तेव्हा जमुनाने माझं मनगट दाबलं. ते दुखलं. कितीतरी दिवसांनी मला काही जाणवलं.

हळद लाल कशाने होते, हे त्या मंडपातल्या प्रत्येक बाईने आपल्या धुण्याच्या दगडावर पाहिलं होतं. दुसऱ्याच्या घमेल्यात तेच दिसलं की आपण आपले डोळे का विसरतो? कुणी चमत्कार दाखवून दवाखाना सोडायला सांगत असेल, तर एवढंच विचारा की हे कशाने झालं. उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.