चौथ्या मजल्यावरच्या मावशी

"मावशी, कोण गेलं?" दूधवाल्याने मोटारसायकल त्यांच्या पुढ्यात आडवी घातली.

"कोणी नाही गेलं. पळतेय मी."

मावशींना धाप लागली होती, नाहीतर त्यांनी त्याला किटल्यांसकट फैलावर घेतलं असतं. पन्नाशीची बाई सकाळी साडेपाचला पदर खोचून पळताना दिसली की लोकांना मयतच आठवतं. पुरुष पळाला की तब्येत करतोय, आणि बाई पळाली की घरात काहीतरी विपरीत घडलंय! परवा तर कोणीतरी नणंदेलाच कळवलं. ती बिचारी पहिल्या बसने डोळे पुसत दारात हजर. भाऊ खुर्चीत चहा पितोय हे बघून तिचं रडू थांबलं आणि ती मावशींवरच उखडली.

मावशी हॉस्पिटलात आया होत्या. बावीस वर्षं चौथ्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात. चार महिन्यांपूर्वी लिफ्ट बंद पडली ती पडलीच. गेल्या महिन्यात औषधांचं खोकं वर नेताना त्या तिसऱ्या मजल्यावर पायरीवर टेकल्या आणि नेमक्या मेट्रनबाई वरून उतरल्या. आता वय झालं तुमचं, म्हणाल्या, तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत बसून चादरी सांभाळा. मावशींनी हातापाया पडून मुदत मागितली. बरं, महिन्याभरात चारही मजले न बसता चढून दाखवा, मग बघू, असं ठरलं. बिघडली लिफ्ट आणि म्हातारी ठरली मावशी!

पहिल्या दिवशी विजेच्या दुसऱ्या खांबापाशीच कुशीत कळ आली आणि चपलेचा अंगठा तुटला. नवऱ्याला वेळेवर चहा मिळेना, तेव्हा त्याने या वयात ही थेरं कशाला म्हणून विचारलं. शेगडी तुमच्या हातानेही पेटते, असं ऐकवून मावशी मुलाचे जुने बूट घालून बाहेर पडल्या. आठवड्याने पोटऱ्या अशा भरून आल्या की पळण्याला दोन दिवस सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी पाय बरे होते, पण अंथरूण सुटेना. चौथ्या दिवशी स्वतःलाच शिव्या घालत उठल्या.

हॉस्पिटलातल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली होती. एक खांब पळा, एक खांब चाला, आणि तोंडाने बोलता येईल इतकंच हळू पळा. मावशींकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. खांबागणिक त्या मेट्रनबाईंचा उद्धार करू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात सात पिढ्यांचा उद्धार झाला आणि अकरा खांब न थांबता झाले.

महिना भरला त्या दिवशी मावशी औषधांचं खोकं घेऊन चारही मजले चढल्या. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. वॉर्डात त्यांचा ॲप्रन घालून एक नवी मुलगी उभी होती. मेट्रनबाईंनी बदलीचा कागद पुढे सरकवला. त्यावरची तारीख महिन्यापूर्वीची होती. मुदत मागितली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

"मला वाटलं, तुम्ही आपणहूनच सोडून द्याल," मेट्रनबाई म्हणाल्या.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर रस्त्यावर हसं करून घेतलं ते या कागदासाठी? पण नव्या मुलीचा काय दोष? ती भेदरून बघत होती. खोकं खाली ठेवून मावशी तळघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी मुलगी चादरी न्यायला खाली आली. गठ्ठा उचलून दारापर्यंत गेली तोच तिला घाम फुटला. मावशींनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि त्या जिना चढायला लागल्या. मुलगी मागे राहिली. वर पोचून त्यांनी गठ्ठा मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला.

"अहो, बसा जरा. दम घ्या," मेट्रनबाईंनी खुर्ची पुढे केली.

"दम लागलेला नाही. चादरी मिळाल्याची सही करा."

मेट्रनबाई पेन शोधू लागल्या. मावशी उभ्याच राहिल्या. आत एक बाळ रडत होतं. सही झाली तेव्हा नवी मुलगी धापा टाकत दारात पोचली.

"खिडकीजवळचं बाळ भुकेलंय," मावशी तिला म्हणाल्या. "सुईला घाबरलं की वेगळं रडतं ते. आधी दूध दे त्याला."

मुलगी आत धावली. रडणं थांबेपर्यंत मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. मग सहीचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि त्या खाली गेल्या.