मी रुळले, त्याची हकीकत

जरा हळू लावा दार. आपटलं नाही तरी मला कळतं. बसा आता. मी या अंगणात उभी असलेली राखाडी चारचाकी बोलतेय. एरवी माझ्या पोटात बसून बाकीचेच बोलत असतात, आज माझी पाळी.

कारखान्यातल्या जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे सरकत होते. कोणी काच बसवली, कोणी दारं लावली, कोणी पोटाखाली शिरून नट आवळले. शेवटी पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली एका बाईने माझ्या अंगावरून तळहात फिरवला आणि जांभई देत म्हणाली, "ठीक." एवढंच काय ते कौतुक.

शोरूममध्ये मात्र करमणूक होती. लोक येत, आत बसत, डोळे मिटून नव्या सीटचा वास घेत, स्टिअरिंग धरून जागच्या जागी वळणं घेत आणि निघून जात. एक गृहस्थ तर रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन माझ्यात डुलकी काढून जायचे.

मग एके दिवशी त्या दोघी आल्या. पुढची ठेंगणी, घाईघाईने चालणारी, बोटं देठांच्या चिकाने हिरवी झालेली. तिने आल्या आल्या माझ्या बॉनेटवर टिचकी मारली, मडकं घेताना मारतात तशी. मागची उंच, काटकुळी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने मला हातही लावला नाही. ती विक्रेत्याला म्हणाली, "हिचं पुस्तक दाखवा."

"मॅडम, पुस्तक गाडीबरोबर मिळतं."

"आणि गाडी घ्यायची की नाही, ते पुस्तक वाचल्याशिवाय कसं ठरवायचं?"

या नणंद-भावजया. भावजयीचं फुलांचं दुकान. नणंद शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. यांना जोडणारा माणूस, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, काही वर्षांपूर्वी गेला. नंतर वेगळं राहायचं दोघींच्याही मनात आलं नाही. एक दुसरीला 'वहिनी' म्हणते, दुसरी पहिलीला 'वन्सं'. मीही तेच म्हणते.

वन्संनी पुस्तक तिथेच खुर्चीत बसून वाचलं, आणि मी या घरी आले.

आता नव्या गाडीचं एक असतं. बाहेरून कितीही चकचकीत दिसली तरी आत तिचे अवयव एकमेकांना अनोळखी असतात. नवे बूट जसे सुरुवातीला चावतात, तसंच. इंजिनातले भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत व्हायचे असतात, ब्रेक नीट बसायचे असतात, टायरांची गुळगुळीत साल निघायची असते. म्हणून पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचं. फार पळवायचं नाही, एकाच वेगाने तासन्‌तास रेटायचं नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही, ओझं लादायचं नाही. याला गाडी रुळणं म्हणतात. वन्संना हे सगळं तोंडपाठ. वहिनींना ऐकून ऐकून पाठ झालेलं, पण पाळायची इच्छा शून्य.

कारण वहिनींना रोज उजाडता उजाडता गावाबाहेरच्या फुलबाजारात जायचं असे. जाताना मी रिकामी, येताना बादल्या, गठ्ठे आणि मध्ये कुठेतरी वन्सं. त्यांच्या मांडीवर गुलाब, कानात लिलीची पानं आणि नजर वेगाच्या काट्यावर.

"वहिनी, काटा बघा! काटा!"

"अहो वन्सं, काटा माझ्याकडे बघतोय का? मग मी कशाला त्याच्याकडे बघू?"

"इंजिन रडतंय ते ऐकू येत नाही?"

"रडत नाही, गातंय."

खरं सांगू? थोडं रडत होते, थोडं गात होते.

वहिनी चालवायला धीट, पण गाडीकडे बघायच्या नाहीत. किल्ली फिरली, आवाज आला, मी सुटले, की त्यांच्या दृष्टीने सगळं आलबेल. एकदा समोरून ऊन आलं आणि काचेवर चिखलाचा पडदा. वायपरचं बटण दाबलं तर कोरडी खरखर. वायपरच्या पाण्याची टाकी कधीच रिकामी झाली होती. मग रस्त्याकडेला उभं राहून वहिनींनी गुलाबांच्या बादलीतलं पाणी माझ्या काचेवर ओतलं. दिवसभर माझ्या वायपरला पाकळ्या चिकटल्या होत्या. सिग्नलवर लोक बघून हसत होते, आणि वहिनी त्यांना दुकानाचा पत्ता देत होत्या.

वन्संचं याच्या अगदी उलट. रोज दुपारी मी दुकानातून घरी आले, जरा थंड झाले, की त्या येत. हातात हवा मोजायचं यंत्र आणि जुन्या साडीची चिंधी. चारी चाकांपाशी वाकत, मग डिकी उघडून पाचव्यापाशी. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढत, पुसत, पुन्हा घालत, पुन्हा ओढत. पंख्यामागचं पाणी बघत, ब्रेकचं ऑइल बघत. मग दिव्यांचा कार्यक्रम. त्यासाठी समोरच्या घड्याळवाल्या काकांना हाक मारली जाई. काका आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून पुकारा करत.

"लागला का?"

"लागला!"

"आता?"

"विझला!"

"आता?"

"लागला! नाही, विझला! अहो, तो लुकलुकणारा आहे!"

सगळं झालं की वन्सं हात धूत, आत बसत, पट्टा लावत, आरसे सारखे करत. किल्ली फिरवत. मी सुरू होई. आणि मग त्या काचेतून फाटकाकडे बघत राहत. थोड्या वेळाने किल्ली परत फिरवत आणि खाली उतरत.

"का हो ताई, आज पण नाही?" काका विचारत.

"डाव्या चाकात अर्धा पॉइंट हवा कमी वाटते. उगाच कशाला धोका?"

रोज काहीतरी निघेच. कधी हवा, कधी आरसा, कधी 'आवाज जरा वेगळा येतोय'. आवाज वेगळा येत नव्हता हो! मी मन लावून सुरू होत होते. सुरुवातीला मला वाटे, माझ्यातच काही खोट आहे. मग एकदा त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. ऐन उन्हाळा, पण स्टिअरिंगवरची बोटं बर्फासारखी गार. तेव्हा उमगलं. या बाई माझी तपासणी गाडी काढण्यासाठी करत नाहीत, न काढण्यासाठी करतात. त्यांच्याकडे परवाना होता, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला. पण स्वतः गाडी चालवत फाटक काही त्यांनी ओलांडलं नव्हतं.

असं चाललं असताना एका सकाळी वहिनी कुंड्यांना पाणी घालताना पायरीवरून घसरल्या. दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता, मी अंगणातच होते. नळीही खाली, वहिनीही खाली, आणि घोटा बघता बघता टम्म.

वन्सं धावत आल्या. रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, शुद्धीवर आहेत का, रक्त वाहतंय का. "नाही? मग पाऊण तास लागेल." वहिनी एरवी बोलून बोलून जीव खाणाऱ्या, त्या ओठ चावून गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसलेल्या बघून वन्संचा धीर सुटला.

"वन्सं," वहिनी शेवटी म्हणाल्या, "किल्ली घ्या."

काकांनी आणि वन्संनी मिळून त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, पायाखाली उशी दिली. आणि वन्संनी काय करावं? हवा मोजायचं यंत्र काढलं!

"अहो, हवा कसली बघताय! इथे माझा पाय निघालाय!"

"बघितल्याशिवाय मी निघणार नाही."

आणि खरंच, मागचं उजवं चाक बसलं होतं. आदल्या दिवशी बाजारातून येताना एक स्क्रू माझ्या टायरात घुसला होता. रात्रभर हवा हळूहळू सुटत होती, आणि मला तोंड असून सांगता येत नव्हतं. वन्सं तिथेच उकिडव्या बसल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतके दिवस ओढूनताणून कारणं शोधणाऱ्या त्या बाईला आज अस्सल, ठसठशीत कारण मिळालं होतं. 'गाडी नाही काढता येणार' म्हणाल्या असत्या, तर कोणी शब्दाने बोललं नसतं. मी वाट बघत होते, आता हात धुतील.

त्यांनी पायपंप काढला.

"स्क्रू उपटू का?" काका म्हणाले.

"हात लावू नका! तोच बूच आहे सध्या."

त्यांनी पंप मारला, पदर खोचून, दम लागेपर्यंत. यंत्र लावलं, काटा बघितला. मग ज्या बाईंनी आयुष्यभर मुलांना पानं उलटताना बोटाला थुंकी लावू दिली नाही, त्यांनी बोटाला थुंकी लावून स्क्रूवर टेकवली. बारीकसा बुडबुडा आला, रेंगाळला, फुटला. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. परत यंत्र लावलं. काटा होता तिथेच.

"दवाखान्यापर्यंत पुरेल," त्या म्हणाल्या. "पलीकडेच पंक्चरवाला आहे." आणि त्या आत बसल्या.

पहिल्या झटक्यात मी बंद पडले. दोष माझा नव्हता, तरी मला लाज वाटली. दुसऱ्यांदा निघाले. फाटक आलं, फाटक गेलं! काका रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवत होते. आम्ही इतक्या हळू चाललो होतो, की टाळ्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आल्या.

मागून हॉर्नचा भडिमार. वन्सं मोठ्याने म्हणत होत्या, "वाजवा, वाजवा. तुमची बॅटरी." मागे वहिनी कण्हता कण्हता हसल्या.

भाजीबाजाराच्या वळणावर एक बस थांब्यावरून एकाएकी आडवी सुटली. दिवा नाही, हात नाही. भलामोठा लाल पत्रा समोर आला. वन्संनी ब्रेक दाबला. मी सगळ्या अंगानिशी थांबले. पुढचं नाक खाली गेलं, चाकं किंचाळली, आणि आमच्यात नि बसमध्ये एक सायकल कशीबशी उभी राहिली असती एवढी जागा उरली.

मग वन्संनी मागे वळून विचारलं, "वहिनी, तुम्ही काही केलंत?"

"मी? मी काय करणार? माझा पाय तुमच्या उशीवर आहे."

"मग मीच थांबवली."

"तुम्ही नाही तर कोणी थांबवणार, वन्सं?"

वन्संनी चष्मा काढून पुसला. "शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी पण ब्रेक होता हो. गाडी थांबायची, पण मी थांबवली की त्यांनी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. परीक्षेलाही ते शेजारीच बसले होते."

"हे इतके दिवस पोटात ठेवलंत?"

"काय सांगायचं? की परवाना अर्धा माझा, अर्धा मास्तरांचा?"

मागच्या हॉर्नवाल्यांनी एव्हाना मैफलच मांडली होती. वन्संनी पहिला गिअर टाकला आणि आम्ही निघालो. या खेपेला मी बंद पडले नाही.

घोट्याचं हाड तडकलं होतं. प्लॅस्टर झालं. माझाही स्क्रू निघाला. आणि दुसऱ्या दिवसापासून फुलबाजाराची फेरी वन्संकडे आली. वहिनी अंगणात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून, दिव्यांचा पुकारा करू लागल्या. काकांची नोकरी गेली. तपासणी तीच, पण पटापट, कारण फुलं थांबत नाहीत. वन्संना अर्धा पॉइंट आजही दिसतो. त्या हवा भरतात आणि निघतात.

हजारावा किलोमीटर वन्संच्याच हातून झाला. त्यांनी गाडी बाजूला घेऊन आकडा डोळे भरून पाहिला. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने जुनं ऑइल काढलं, त्यात धातूची बारीक चमक होती. "रुळली की गाडी," तो म्हणाला. वन्सं मान डोलावून म्हणाल्या, "रुळले," आणि बिल द्यायला गेल्या. मेकॅनिक जरा बुचकळ्यात पडला, त्याला वाटलं व्याकरण चुकलं. वन्संचं व्याकरण कधी चुकत नाही.

आता मी तरुण राहिले नाही. बंपरवर ओरखडे आहेत, सीटच्या फटींत वाळक्या पाकळ्या आहेत, एक काच पाऊण उतरून रुसते. दोघी चालवायला भांडतात. वहिनींना अजूनही ऑइलची पट्टी सापडत नाही, पण वायपरच्या टाकीत पाणी घालतात, स्वतःहून.

माझं एक ऐका. तुमच्याही दारात एखादी असेल. निघण्याआधी तिच्यापाशी जरा वाका. चाकं बघा, दिवे पुसा, पट्टी ओढून बघा. तिला सांगता येत नाही हो. आणि बघून झालं की निघा. नुसतं कौतुकाने फाटकाआड उभं करू नका. उभं राहून आम्ही रुळत नाही, गंजतो.

बरं, उतरा आता. हॉर्न वाजतोय ऐकलंत? मीच वाजतेय. वहिनी शेजारच्या सीटवर बसून वाकून दाबतायत, आणि वन्सं बाहेरून ओरडतायत, "आले हो, एक चाक राहिलंय!"