समुद्राच्या आधी मला विचारा

मी झाकण बोलतोय. हसू नका, डब्याचं नव्हे. मालवाहू जहाजाच्या पोटात माल भरला की त्याच्या तोंडावर जे अवाढव्य लोखंड आडवं पडतं, तो मी. माझ्या खालच्या कडेला चारी बाजूंनी रबराची पट्टी आहे. मी बंद झालो की ती दाबली जाते आणि पाण्याला आत शिरायला फट उरत नाही. खरं काम तिचं. मिरवतो मात्र मी.

कारखान्यात घडलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात होतो. पहिल्याच सफरीत अक्कल ठिकाणावर आली. लाट आदळली की अख्खं जहाज शहारायचं. या समुद्राहून मोठं जगात काही नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आमचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, टापटिपीचा भारी हौशी. एकदा कप्तान म्हणाला, "जहाज कसं लखलखलं पाहिजे!" झालं, गड्यानं मला रंगवलं ते थेट पट्टीसकट. मीही ऐटीत नटून बसलो. रंगानं रबर कडक होत गेलं आणि एका कोपऱ्यात तडकलं. कुणी वाकून पाहिलं नाही.

पुढच्या सफरीत सुताचे गठ्ठे भरले आणि वाटेत वादळानं गाठलं. त्या कोपऱ्यातून खारं पाणी आत झिरपत राहिलं. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला?

बंदरात मालाची मालकीण स्वतः आली. दोघी बहिणींचा कापड विणायचा छोटा कारखाना, त्यातली ही थोरली. भिजलेलं सूत हातात घेऊन ती म्हणाली, "आमचं होतं नव्हतं ते सगळं यात घातलंय. भरपाई नाही मिळाली तर कारखान्याला कुलूपच."

कप्तान माणूस वाईट नव्हता. "ताई, मलाही वाईट वाटतंय. पण वादळच तसलं होतं. समुद्रापुढे कुणाचं काय चालतं?"

मलाही ते पटलं.

दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला तपासनीस तेवढा बधला नाही. "आधी झाकणाला विचारू," तो म्हणाला. ज्या लोखंडी काठावर मी टेकतो त्यावर त्यानं खडू फासला, मला बंद करून पुन्हा उघडायला लावलं. पट्टीवर सगळीकडे खडूची रेघ उमटली होती, त्या एका कोपऱ्यात मात्र काहीच नाही, म्हणजे तिथं ती टेकतच नव्हती. त्यानं नखानं खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली तडा दिसला.

"पण वादळ..." कप्तान पुटपुटला.

"झालं ना वादळ, कोण नाही म्हणतंय? पण साहेब, देशादेशांनी मिळून केलेला कायदा त्याच्या आधीचं विचारतो. निघताना जहाज समुद्राला तोंड द्यायला तयार होतं का? तशी काळजी तुम्ही घेतली होती का? घेतली असेल, तर खुशाल वादळाकडे बोट दाखवा."

तांडेलाचा चेहरा उतरला. कप्तान हळूच म्हणाला, "त्याला बोलू नका. बघायचं काम माझं होतं. लिहा, चूक आमच्या जहाजाची."

"सगळं भरून मिळेल?" ताईनं विचारलं.

"सगळं नाही. भरपाईला कायद्यानं मर्यादा घातलीय. पण कारखाना चालेल."

तिनं तिथूनच धाकटीला फोन लावला. "अगं, कुलूप नको लावूस. सगळ्यांना सांग, उद्या कामावर या." एवढं बोलली आणि माझ्याच अंगावर बसून रडली.

आता मी भंगाराच्या आवारात पडलोय, लवकरच वितळेन. जहाजवाल्यांनो, निघण्याआधी एकदा वाकून पाहत जा, एवढंच मागणं आहे. जन्मभर समुद्र पाठीवर झेलला, पण थक्क झालो ते त्या दिवशी. कुठकुठल्या देशांची माणसं कधीतरी एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं, की समुद्राच्या नावावर कुणी आपली चूक खपवायची नाही. त्यांनी या बाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी ती एकटी उभी होती तेव्हा ती सगळी माणसं तिच्या बाजूनं उभी होती.