बयाबाईचं रक्त

बयाबाईने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात टेबलावर ठेवला.

"आधी माजं काढ," ती सुनेला म्हणाली. "ह्यास्नी बगू दे."

सोनाली हातमोजे चढवत होती. पौडच्या एसटी स्टँडसमोरच्या या लॅबमध्ये ती तीन वर्षं रक्त काढायचं काम करत होती. दिवसाला चाळीस-पन्नास माणसांच्या शिरा तिच्या बोटांखालून जात, पण सासऱ्यांना या खोलीत आणायला तिला सात महिने लागले होते. आणि आत येऊनही गेणू खुर्चीत बसला नव्हता. दाराला टेकून उभा होता.

सुईला तो भीत नव्हता. कोयत्याने अर्धं तुटलेलं बोट त्याने एकदा रानातच धोतराच्या चिंधीने बांधलं होतं आणि शेळ्या वस्तीवर आणूनच मग दवाखाना गाठला होता. भीती होती ती कागदाची. त्याचा थोरला भाऊ कोंडिबा किडनीच्या आजाराने गेला. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी पुण्याला न्यावं लागे, आणि ते सगळं रक्ताच्या अशाच एका कागदावरून सुरू झालं होतं. आता गेणूचेही पाय संध्याकाळी सुजत. बोटाने दाबलं की खळगा पडे, आणि तो धोतर खाली ओढून घेई.

"आत्या, तुमची तपासणी डॉक्टरांनी लिहून दिलेली नाही," सोनाली म्हणाली.

"मग तू लिव्ह."

"पण तुम्हाला काही होतंय का?"

"मला काय हुतंय? मी बसल्याबिगर ह्ये बसायचे न्हाईत, म्हणून म्हणते."

सोनालीने दुसऱ्या नळीवर सासूचं नाव लिहिलं. सुई आत गेली तेव्हा बयाबाई नवऱ्याकडे बघून हसत होती.

"बगा. मुंगी चावल्यागत. या आता."

गेणू आला. त्याने खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट कॉम्प्युटरवर आले. गेणूचं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की वाढणारा आकडा, शून्य पूर्णांक नऊ. सोनालीने खुर्ची मागे सारून मोठा श्वास सोडला. मल्हारला, नवऱ्याला, फोन लावावा असं तिला वाटलं. तो कंपनीची बस चालवी; या वेळी माण गावात बसमध्येच बसून पुढच्या फेरीची वाट बघत असणार. फोन हातात घेऊन तिने खालची ओळ वाचली. बयाबाई गेणू, वय छप्पन्न. दोन पूर्णांक सहा.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार.

तिने रजिस्टर काढलं. वेळ पाहिली, नंबर पाहिले, नळ्यांवरचं स्वतःचंच अक्षर पाहिलं. चूक सापडावी म्हणून ती एकेका ओळीवरून बोट फिरवत होती. मग ते बोट थांबलं. चूक सापडली, तर तो मोठा आकडा सासऱ्यांचा ठरणार होता. सोनालीने रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळवण गावाच्या वरच्या अंगाला, घरच्या वस्तीवर, गोठ्यासमोरच्या ओट्यावर बसवून तिने सासूचं रक्त पुन्हा घेतलं. नळी फुटली, असं सांगितलं. नळी बर्फाच्या डब्यात घालून सकाळच्या एसटीने पौडला नेली. या वेळी दोन पूर्णांक सात आलं.

संध्याकाळी बयाबाई करडांना पाला घालत होती. सोनाली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आत्या, रिपोर्ट आले."

"ह्यांचं?"

"मामांचं चांगलं आहे. अगदी चांगलं."

बयाबाईने पाल्याची मोळी खाली टाकली आणि कपाळाला हात लावून कुठल्याशा देवाला नमस्कार केला. "मग झालं तर," म्हणून ती पुन्हा वाकली.

"तुमचं चांगलं नाही."

"माजं कुटं काय दुकतंय?"

"किडनी दुखत नाही, आत्या. खूप बिघडेपर्यंत कळतसुद्धा नाही. म्हणून तर रक्त बघायचं असतं."

गोठ्याच्या पलीकडे गेणू शेळीला दावं बांधत होता. त्याने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. शेळी सुटून वाटेला लागली तरी तो दावं हातात धरून तिथेच उभा होता.

किडनीच्या डॉक्टरीणबाई दर गुरुवारी पुण्याहून पौडला येत. त्यांनी बयाबाईचा रक्तदाब दोनदा मोजला, पापण्या ओढून पाहिल्या, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. गेणूच्या पायांकडेही नजर टाकली; दिवसभर उभं राहून शिरा सैल पडल्यात, त्याचं पुढे बघू, म्हणाल्या.

"दुखण्याच्या गोळ्या घेता का, बाई? गुडघे, कंबर, त्यासाठी?"

"कदीमदी."

"म्हणजे किती?"

"गुडघं लईच धरलं तर एकादी."

"कोण आणून देतं?"

"दुकानात मिळत्यात की. माजी मीच आणते."

सोनालीने सासूकडे पाहिलं. बयाबाई समोरच्या टेबलाकडे बघत होती. गेणू भिंतीवरच्या चित्राकडे, जिथे घेवड्याच्या बीसारख्या दोन किडन्या लाल आणि निळ्या नळ्यांना लटकलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश, समजेल असं सांगितलं. रक्त गाळायचं काम शंभरातलं वीस-बावीसच उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं मात्र जपता येतं, कधी कधी खूप वर्षं. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची. दुखण्याची एकही नाही. लघवीची तपासणी आजच.

बाहेर आल्यावर गेणू म्हणाला, "मी गाडीचा टाइम इचारतो," आणि निघून गेला. सोनाली सासूला तपासणीला घेऊन गेली, मग तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. फाइल आतच राहिली होती. ती आणायला गेली, तर पडद्याआडून सासऱ्यांचा आवाज आला. ती तिथेच थांबली.

"ती खोटं बोलली, बाई."

"कोण?"

"मल्हारची आई. गोळ्या मी आणतो. धा-बारा वर्सं झाली. कदीमदी न्हाई, रोजच्या दोन. पावसाळ्यात तीन."

आत कागद उलटल्याचा आवाज झाला. "नक्की?"

"आणणाऱ्याला ठावं नसंल व्हय? एकदा डोंगुर उतरताना गुडघ्यापायी मटकन बसली. लेकरं झाली तवा रडली न्हाई ती बाई, त्या दिशी रडली. मी दुकानातनं गोळी आणली. सकाळी उटून चालाय लागली, हसली. मंग मी दर बाजारला तेच आणत ऱ्हायलो. दुसरं काय आणायचं सुचलंच न्हाई. पाकीट बगितलं की तिचं तोंड उजळायचं."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "हे सगळं एकट्या गोळ्यांमुळेच झालं, असं मी सांगू शकत नाही. रक्तदाबही आहे, तो कधीपासून ते कुणाला ठाऊक. पण तुम्ही परत येऊन सांगितलंत, हे बरं केलंत. मला याचा उपयोग होईल."

गेणू उठला नाही.

"मंग आता काय आणू तिला?"

"मीठ कमी करायचं. लोणचं, पापड बंद. बाकीचं मी सुनेला लिहून..."

"तसं न्हाई, बाई. बाजारातनं काय आणू? मोकळ्या हातानं कसं जायचं घरला?"

पडद्याच्या फटीतून सोनालीला त्याची पाठ दिसत होती. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्यांना आवडतं काय?"

गेणू विचार करू लागला. बाहेर नंबर पुकारणाऱ्या बाईने पुढचं नाव घेतलं, मग पुन्हा घेतलं. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. त्याने मान खाली घालून टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

मग तो उठला.

"इचारून येतो," म्हणाला आणि पडदा सारून, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या सुनेकडे लक्षही न देता, व्हरांड्यातल्या बाकाकडे भराभर चालू लागला.