निळं बटण

फोन आणि हातातला व्हिडिओ गेम कधीतरी एकाच यंत्रात मावतील का, यावर माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रोज कुणी ना कुणी अक्कल पाजळतं. एक म्हणतो, फोनमध्ये गेम आहेतच की. दुसरा म्हणतो, काचेवर अंगठे घासण्यात कसला आलाय गेम, बोटाखाली बटण कसं खट्कन दबलं पाहिजे! तिसऱ्याला बॅटरीची काळजी. सगळ्यांत जास्त अक्कल अर्थातच माझी. "होणार, आणि मीच करून दाखवणार," असं मी चारचौघांत बोलून बसलो आणि तिथेच माती खाल्ली.

मला वाढवलं मावशीने. कॉलेज अर्धवट सोडलेल्या मला ती कौतुकाने 'इंजिनिअर' म्हणते. जन्मभर शिवणकाम केलं तिने. डोळे थकल्यावर मशीन बंद झालं, पण बोटांना चैन पडेना, म्हणून मी तिला दुकानात पडून असलेला एक जुना गेम दिला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळीत बसवायचे. मावशीने त्याचं नाव ठेवलं 'डबडं', आणि दिवसभर ते हातातून सोडेना. फोन मात्र कुठेतरी उशीखाली वाजत राहायचा. तिची मुलगी चिमी दोन तासांच्या अंतरावर राहते. चिमीच्या लग्नावरून मायलेकींत वर्षभर अबोला होता. चिमीला दिवस गेले तेव्हा कुठे तो सुटला. आता आठवा महिना होता, आणि आईने फोन उचलला नाही की चिमी मला झापायची. मावशी तर पंधरा दिवसांपासून बॅग भरून दाराशी ठेवून बसली होती.

मी डबड्याचं पोट फोडलं, आत मावशीचा फोन बसवला आणि डबड्याची बटणं त्याला जोडली. आठ दिवस खपलो. शेवटी तपासून बघताना एक भानगड लक्षात आली. निळ्या बटणाने ठोकळा खाली पडायचा, पण फोन आला की तेच बटण फोन कापत होतं. खेळणाऱ्याचा अंगठा त्या बटणावर सारखा आपटत असतो. म्हणजे खेळताना फोन आला तर धड वाजायच्या आतच कापला जाणार, आणि खेळणाऱ्याला पत्ताही लागणार नाही, कारण खेळ अडखळू नये म्हणून स्क्रीनवर येणाऱ्या बाकीच्या सूचना, कुणाचा फोन येऊन गेला तेही, मीच बंद केल्या होत्या. दुरुस्त करायचं तर सगळं पुन्हा उकलावं लागणार होतं. आणि दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर रविवारी व्हिडिओ टाकतो म्हणून मी शेखी मिरवून बसलो होतो. बघू नंतर, म्हटलं आणि झाकणाचे स्क्रू आवळले. व्हिडिओ टाकला, डबडं मावशीच्या हातात दिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. मीही हुरळून गेलो आणि ते 'नंतर' विसरून गेलो.

गुरुवारी दुकानात चिमीचा फोन आला. आवाज अगदी बसलेला.

"आईला सांग, काल मुलगी झाली. दिवस भरायच्या आतच."

"अगं पण..."

"काल सकाळी सात वेळा फोन केला तिला. सातही वेळा कापला तिने. हे बाहेरगावी होते. शेजारीण घेऊन आली मला इथे दवाखान्यात. तिचा राग अजून गेला नाही ते कळलं मला. येऊ नकोस म्हणावं."

"नेटवर्कचं काहीतरी झालं असेल," असं मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

मावशीला घेऊन तासाभरात बसने निघालो. दवाखान्यात ती खाटेच्या पायथ्याशीच थांबली, जवळ जायची तिची हिंमत होईना. "चिमे, मी कशाला कापीन गं तुझा फोन? वाजलेलाच कळला नाही मला."

चिमीने माझ्याकडे बघितलं. "असं होतं का रे? खरं सांग."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चुकून निळं बटण दाबलं गेलं तर होतं."

"बघ, माझीच बोटं मेली," मावशी लगेच म्हणाली. "याने एवढं डोकं लढवून करून दिलं आणि मला मेलीला वापरता येईना." नर्सने बाळ तिच्या हातात दिलं. चिमी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. राहा म्हणाली नाही, म्हणून रात्रीच्या बसने आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी गुपचूप ते डबडं उचलून आणावं आणि दुरुस्त करावं, म्हणून मावशीकडे गेलो. इतका मी हलकट. मावशी टेबलाशी बसली होती. हातात डबडं, बंद केलेलं. निळ्या बटणावर अंगठा ठेवायची आणि झटकन उचलायची. पुन्हा ठेवायची, पुन्हा उचलायची. मागच्या बाजूला तिने कागद चिकटवला होता, त्यावर तिच्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : वाजलं की अंगठा उचल.

"सवय करतेय," ती म्हणाली. "उगाच तुझ्या कामाला कुणी नावं ठेवायला नकोत."

ते कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. तिला नाही, मलाही नाही. मला ढसाढसा रडू आलं. रडत रडतच सगळं सांगून टाकलं.

मावशीने ऐकून घेतलं. "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

तिने नखाने तो कागद हळूहळू सोलून काढला. "मग काल तिने विचारलं तेव्हा काय झालं होतं तुला?"

लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तिने डबडं माझ्यापुढे सरकवलं. "लाव तिला फोन. मी नाही बोलायची. तू बोल."

मी डबडं सुरू करून लावला. पलीकडे रिंग वाजत होती. माझा अंगठा निळ्या बटणावरच होता. एकदा दाबलं असतं तर सुटलो असतो, आणि मावशीला कळलंही नसतं.

"आई?" चिमी म्हणाली.

"आई नाही," मी म्हणालो. "मी बोलतोय. त्या दिवशी फोन आईने नाही, मी कापले."